बोटीवर कोण कोण आहे?

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपत आली की उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंत बोटींची डागडुजी, रंगकाम आणि जाळी सांधण्याची घाई सुरू होते. त्याच दिवसांत बोटीचे कागदही नीट करावे लागतात. नोंदणी, परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रे. ‘मासे पकडायचे की कागद सांभाळायचे?’ हा नाखवांचा प्रश्न आपण पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण यातला एक कागद बोटीवरच्या माणसांपेक्षा घरी राहिलेल्यांच्या अधिक उपयोगाचा असतो. तो म्हणजे बोटीवर गेलेल्या खलाशांची यादी.

आपल्याकडे मासेमारीसाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. बोटींची कडक तपासणी मात्र २००८ नंतर वाढली. त्या नोव्हेंबरात अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट बळकावली, तिच्यावरच्या खलाशांना मारले आणि मुंबई गाठली. त्यानंतर बोटींना ठराविक रंग आले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली. त्यामुळे हे सारे पोलिसांच्या सोयीसाठी आहे, अशी समजूत झाली. ही समजूत आपल्यालाच महागात पडते.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी वादळ कन्याकुमारीजवळून गेले. इशारा निघाला तेव्हा केरळ व तामिळनाडूच्या कितीतरी बोटी मोबाइलच्या टप्प्याबाहेर पोहोचल्या होत्या. त्यातल्या साठाहून अधिक बोटी आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि नऊशेहून अधिक माणसे वाचली. तिकडे पुंथुरा, विळिंजम या कॅथलिक मच्छीमारांच्या गावांत मात्र कोण गेले आणि कोण परतले, हेच कळेना. धर्मग्रामांनी स्वतः नावे गोळा केली. बेपत्ता किती, यावर शासनाचा आणि चर्चचा आकडा जुळत नव्हता.

आकडा जुळला नाही तर काय बिघडते? माणूस समुद्रात हरवला आणि देह सापडला नाही, तर कायदा त्याला लगेच मृत धरीत नाही. सर्वसाधारण नियम ७ वर्षांचा आहे. तोवर विमा, बँकेतले पैसे, वारसाहक्क सारे अडकू शकते. शासन विशेष निर्णय घेऊन लवकर मदत देऊ शकते, पण तो माणूस त्या बोटीवर होता, हे आधी दाखवावे लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी ५ लाख रुपयांचा विमा ठेवण्यात आला. यादीत नाव नसलेल्याच्या विधवेने तो कोणत्या आधारावर मागायचा?

पूर्वी तांडेल आणि खलाशी घरचेच असत, तेव्हा यादीची गरज वाटत नसे. आता बाहेरगावचे खलाशी येतात, हंगामाच्या मध्येच बदलतात. आदल्या रात्री एक आजारी पडतो, पहाटे दुसरा बोटीवर चढतो, आणि कागदावर नाव पहिल्याचेच राहते. अशा बोटीला अपघात झाला, तर घरी झोपलेला माणूस मृतांच्या यादीत जातो आणि जो खरोखर गेला, त्याची कुठे नोंदच नसते.

उपकरणांबद्दल थोडेसे. लाइफ जॅकेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खाली ठेवलेले असेल, तर बोटीत पाणी शिरल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही. बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा शुभारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पालघरला झाला. देशातील १ लाख बोटींसाठी ही योजना आखण्यात आली. इस्रोने तयार केलेले हे यंत्र मोबाइलच्या टप्प्याबाहेरही उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पोहोचवते. ओखीच्या वेळी बोटींवर नेमके हेच नव्हते. मात्र बोट कुठे आहे, हे यंत्र सांगेल. तिच्यावर कोण आहे, हे सांगणार नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक खलाशाचे नाव, गाव आणि घरचा फोन एका कागदावर लिहावा. एक प्रत बंदरावर नोंद करणाऱ्याकडे द्यावी, एक सोसायटीत आणि एक नाखव्याच्या घरी ठेवावी. पहाटे माणूस बदलला, तर बोट सुटण्यापूर्वी फोन करून तिन्ही ठिकाणी नाव बदलून घ्यावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्याच कागदावर वरती लिहून ठेवावा. घरच्या बाईने तो लावला, तर बोटीवर किती माणसे आहेत, हे तिला लगेच विचारले जाईल.