नोकरदार स्त्री : वेळेच्या विभागणीचा प्रश्न

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग-भिलाई हे जोडशहर वसलेले आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्यामागोमाग वसाहती, शाळा आणि रुग्णालये आली. बोरसीसारख्या निवासी वस्त्यांतील अनेक घरांचा दिवस आजही कोणाच्या ना कोणाच्या कामाच्या पाळीनुसार आखला जातो. शिक्षिका, परिचारिका वा बँक कर्मचारी असलेल्या स्त्रीला मात्र दोन वेळापत्रके पाळावी लागतात. एक कार्यालयाचे, दुसरे घराचे. या दोहोंचा मेळ हे तिचे वैयक्तिक कौशल्य मानले जाते. आकडेवारी वेगळे सांगते.

आकडे काय दर्शवितात?

१९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळ-वापराची प्रायोगिक पाहणी झाली. त्यांत मध्य प्रदेशाचा समावेश होता आणि छत्तीसगड तेव्हा त्याच राज्याचा भाग होते. पाहणीनुसार पुरुष आठवड्याला सुमारे ४२ तास उत्पादक कामात व ३.६ तास घरकाम आणि संगोपनात घालवीत. स्त्रियांबाबत हेच प्रमाण १८.७ व ३४.६ तास होते. एकूण श्रमांत स्त्री आठवड्याला पावणेआठ तास पुढे होती. म्हणजे कारखान्यातील जवळपास एका पूर्ण पाळीइतकी!

२०१९च्या देशव्यापी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठीचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचलली असे दिसत नाही. त्याचाही वेळ नऊ मिनिटांनी कमीच झाला.

कायद्याची साथ आणि मर्यादा

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट आहेत. त्याच वर्षीच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्त्रियांना, त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर, रात्री काम करण्याची मुभा दिली.

संधीचे दार उघडले, हे स्वागतार्हच. परंतु रजांची रचना पाहिली, तर जुनी धारणा कायम असल्याचे जाणवते. केंद्र सरकारच्या सेवेत स्त्रीला संपूर्ण सेवाकाळात बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळू शकते. २०१८ पासून ती एकल पुरुष पालकालाही मिळू लागली. इतर पित्यांना मात्र पितृत्व रजा आहे ती १५ दिवसांची. संगोपन हे आईचेच काम, हे गृहीतक सवलतीतूनच दृढ होते. रजा केवळ स्त्रीनेच घ्यायची असेल, तर नोकरीतील खंड आणि बढतीतील विलंबही तिच्याच वाट्याला येतो.

उपायांची दिशा

पहिला उपाय घरातला. कुटुंबाने एका आठवड्यात कोणी कोणते काम किती वेळ केले, याची नोंद ठेवावी. कामाची आठवण ठेवणे, सामान संपल्याचे ध्यानात घेणे, वृद्धांच्या औषधांच्या वेळा सांभाळणे हेही श्रमच होत. 'मदत' करण्याऐवजी ठराविक कामाची पूर्ण जबाबदारी घेतली, तरच भार हलका होतो.

दुसरा उपाय कार्यालयातला. पाळ्यांचे वेळापत्रक पुरेसे आधी कळावे, बैठका कामाच्या वेळेत संपाव्यात आणि पाळणाघर कामाच्या जागेजवळ असावे.

तिसरा उपाय सार्वजनिक सेवांचा. नियमित पाणी, सुरक्षित बससेवा आणि अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरे स्त्रीचे तास थेट वाचवितात. असंघटित क्षेत्रातील स्त्रीला रजेच्या तरतुदींचा लाभ क्वचितच मिळतो. त्यामुळे तिच्यासाठी या सेवांचे मोल अधिक आहे.

स्त्रीने अधिक काटेकोर नियोजन करावे, हा सल्ला सोपा आहे. पण चोवीस तासांचे पंचवीस कोणालाच करता येत नाहीत. म्हणून तोल साधण्याची जबाबदारी कुटुंब, आस्थापना आणि शासन यांनी वाटून घेणे, हाच या प्रश्नावरील टिकाऊ उपाय होय.