जुनी जीप विकताना

पाठ्यपुस्तकात जाहिरातलेखन नावाचा एक घटक असतो. परीक्षेत तो पाच-सहा गुणांना येतो आणि आपण सारे तो ‘त्वरा करा’, ‘सुवर्णसंधी’, ‘आजच भेट द्या’ अशा शब्दांची आतषबाजी करून उरकतो. आम्हीही वर्गात तो बरीच वर्षे तसाच शिकवीत आलो. परंतु २०२३ सालच्या दिवाळीनंतर एका खऱ्या वस्तूच्या विक्रीची खरी जाहिरात लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि आपले मराठी या कामी किती अपुरे आहे, याची आम्हांस जाणीव झाली. त्या निमित्ताने यंत्र, कायदा आणि भाषा या तिन्ही विषयांचा जो थोडाबहुत अभ्यास घडला, तो येथे मांडीत आहोत.

आमच्या मामांचे सत्तरी तालुक्यात कुळागर आहे. पोफळी, माड, मिरवेल, केळी असा सारा विस्तार ओढ्याच्या काठाने उतारावर गेलेला. १९९५ साली मामांनी महिंद्र कंपनीची एम. एम. ५४० ही डिझेल जीप नवी घेतली. सुपारीची पोती, शेणखत, पंप, आजारी माणसे, गणपतीची मूर्ती, सारे काही या जीपने वाहिले. आता मामांचे वय शहात्तर; डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली. मुलगा पुण्यास नोकरीला आणि मुलगी परदेशी. जीप उभी राहून गंजण्यापेक्षा कामाच्या माणसाकडे जावी, असे मामांनी ठरवले आणि आम्हांस निरोप धाडला, “तू बी. ए. झालेला. जाहिरात तू लिही.”

जीप या वाहनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला चिखलातून, वाळूतून, डोंगरातून धावणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत तयार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध सरले आणि उरलेल्या गाड्या जगभर विकल्या गेल्या. म्हणजे जीपचा नागरी संसार बव्हंशी जुन्या मालाच्या विक्रीनेच सुरू झाला म्हणावयाचा! आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि मामांची गाडी त्याच वंशातली.

असो. आम्ही शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गेलो आणि संध्याकाळपर्यंत मसुदा तयार केला. तो असा होता : ‘उत्तम स्थितीतील, एकहाती वापरलेली, दणकट फोर-व्हील जीप विकणे आहे. पाहताक्षणी पसंत पडेल. गरजूंनी त्वरित भेटावे.’ आम्ही तो मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. मामा ऐकत होते. मग त्यांनी विचारले, “उत्तम म्हणजे काय? दणकट म्हणजे किती?” आम्ही निरुत्तर झालो. मामा आत गेले व एक जुनी, मळकी, लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आले.

त्या वहीत २८ वर्षांचा हिशेब होता. कोणत्या तारखेला इंजिनाचे तेल बदलले, कोणत्या आकड्यावर टायर घातले, क्लचप्लेट कधी, ब्रेकचे लायनर कधी, पाटे कधी उतरवून ग्रीस केले, हे सारे स्वच्छ बाळबोध अक्षरात. १९९५ ते २०१० हा नोंदणीचा पहिला काळ. नंतर २०१०, २०१५ आणि २०२० साली गाडी तपासणीस नेऊन दर वेळी पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली होती, त्याच्या पावत्या शेवटच्या पानात खोचलेल्या. आम्ही वही चाळत असता २०२१ सालच्या पानाशी थबकलो. २३ जुलै या तारखेपुढे तीनच शब्द होते : ‘पुराचे पाणी शिरले.’

त्या जुलैत म्हादईला आलेला पूर सत्तरीकर विसरणार नाहीत. मामांची जीप मांगराबाहेर उभी होती, ती पायठेवणीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन व गिअरपेटीचे तेल लगेच बदलले. पण घर सावरण्याच्या गडबडीत पुढच्या आसाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दीड महिन्याने तेथील बूच उघडले तेव्हा आतून दुधाळ चहासारखे तेल बाहेर आले. पाणी आणि तेल एकत्र घुसळले की असेच होते. तेवढ्या काळात आतील दात्यांना गंजाचे बारीक डाग पडले होते. तेव्हापासून पुढची चाके जोडून गाडी चालवली की खालून बारीक सूर निघतो. मागच्या दोन चाकांवर चालवताना मात्र काहीही जाणवत नाही. दुरुस्तीचा खर्च मेस्त्रीने २५ हजार सांगितला होता, तो मामांनी पुढे ढकलला.

येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील गोष्ट ध्यानात यायची नाही. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. मामांच्या जीपमध्ये या पेटीचे दोन लहान दांडे आहेत : एकाने पुढची चाके जोडता येतात, दुसऱ्याने वेग आणखी सुमारे अडीच पट कमी करून ओढ तितकीच वाढवता येते. आता एक प्रयोग करून पाहा. अंगणात ओली वाळू पसरा आणि तिच्यावरून चारचाकी खेळण्याची पुढची चाके वळवून तिला गोल फिरवा. पुढच्या चाकांनी काढलेले वर्तुळ मागच्या चाकांच्या वर्तुळाहून मोठे असल्याचे दिसेल. मोठे वर्तुळ म्हणजे अधिक अंतर, म्हणून वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक फिरली पाहिजेत. पण दांडा टाकला की पुढचा व मागचा आस एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. चिखलात चाक थोडे घसरते व हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, मग तो ताण दात्यांमध्ये साठत जातो, सुकाणू जड होते, दांडा निघेनासा होतो. म्हणून अशी जीप डांबरी रस्त्यावर चार चाकांवर चालवायची नसते. ज्याला ती विकत घ्यायची असेल त्याने मात्र कच्च्या वाटेवर नेऊन चार चाकांवर चालवून पाहिलीच पाहिजे. घाईचे गिऱ्हाईक हमरस्त्यावर फेरी मारते, इंजिनाचा आवाज ऐकते, रंग पाहते आणि पैसे मोजते. त्याला आमच्या जीपचा दोष कधीच कळला नसता.

नेमके हेच आम्हांस पहिल्या दलालाने सांगितले. तो शहरातून आला होता. गाडी त्याला आवडली. सूर ऐकून तो हसला व म्हणाला, “पुढच्या हाऊसिंगमध्ये जाड तेल भरा, सूर दोन महिने बंद. खालून काळा रंग मारा. मी तुम्हांला अडीच लाख मिळवून देतो.” अडीच लाख! मामांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात व्हावयाची होती, आणि पैशाची गरज नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही मामांच्या तोंडाकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. दलालाला चहा दिला व वाटेला लावले.

रात्री आम्ही, शिक्षकाचा स्वभाव म्हणून, कायदा काय सांगतो ते पाहू लागलो. तो वाचताना आमची करमणूकही झाली. आपला संविदा अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले असून खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणखी एक उदाहरण तर फारच मार्मिक आहे : घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, आणि विकणारा गप्प राहतो. येथे मौन हेच बोलणे धरले जाते. १९३० चा मालविक्रीचा कायदाही पुष्कळसा याच वाटेने जातो : पारखून घेण्याची जबाबदारी सामान्यतः घेणाऱ्याची, तथापि वर्णन करून वस्तू विकली तर ती त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. तेव्हा आमच्या मसुद्यातले ‘उत्तम स्थितीतील’ हे शब्द साधे नव्हते. ते वर्णन होते. आणि जाड तेल भरणे हे तर मौनही नव्हे. दोष झाकण्यासाठी केलेली ती सक्रिय कृती होय.

सकाळी आम्ही हे सारे मामांना सांगितले. गप्प बसणे कायद्याने चालते, लपवणे चालत नाही, असा आमचा निष्कर्ष. मामांनी पोफळीच्या आळ्यातून मान वर केली आणि एवढेच म्हणाले, “पुता, जें आसा तें सांग.” कोकणी घरात वाढलेल्या आम्हांला या वाक्याचे भाषांतर करावे लागले नाही, तुम्हांलाही लागू नये.

दुसरा मसुदा असा झाला : ‘महिंद्र एम. एम. ५४० डिझेल, १९९५, पहिलाच मालक. नोंदणी २०२५ पर्यंत. १९९५ पासूनची देखभालीची वही पाहण्यास मिळेल. टायर २०२२ मध्ये बदलले. जुलै २०२१ च्या पुरात गाडीत पाणी शिरले होते. पुढच्या आसाच्या दात्यांना डाग असून चार चाकांवर चालवताना आवाज येतो, दुरुस्ती करावी लागेल. डाव्या पायठेवणीखाली गंज आहे. अपेक्षा २ लाख ४० हजार. गाडी कच्च्या वाटेवर चालवून पाहावी.’ विशेषणे जवळजवळ सगळी गळाली. उरल्या तारखा, अंक आणि नामे. वर्गात आम्ही हे दोन्ही मसुदे फळ्यावर लिहिले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दुसरा वाचून कोण येईल?” प्रश्न रास्त होता. तीन आठवडे कोणीही आले नाही.

मग चोर्ला घाट उतरून खानापूर तालुक्यातील एक शेतकरी आला. त्याची काजूची बाग डोंगरात होती, पावसाळ्यात तेथे ट्रॅक्टरही रुतत असे. त्याने आधी वही मागितली. अर्धा तास तो ती वाचत बसला, मग गाडीखाली शिरला, मग मामांनाच शेजारी बसवून ओढ्याकाठच्या वाटेने जीप घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, “काका, आवाज तुम्ही लिहिलाय तेवढाच आहे. मग बाकीचं लिहिलेलंही खरंच असणार.” त्याने दुरुस्तीचे २५ हजार वजा केले. मामांनी घासाघीस केली नाही. २ लाख १५ हजारांवर सौदा ठरला. दलालाच्या आकड्याहून ३५ हजार कमी, हे येथे नमूद करून ठेवतो.

आता कागदपत्रांकडे वळू. कारण या बाबतीत आम्ही स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहोत. कॉलेजात असतानाची आमची स्कूटर आम्ही एका ओळखीच्या गृहस्थास विकली, साध्या कागदावर सही घेतली आणि विसरलो. दोन वर्षांनी कोणाच्या तरी अपघाताची नोटीस आमच्या दारी! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे, सामान्यतः, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. गाडी हातातून गेली तरी नाव राहिले, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली हेच स्पष्ट केले आहे. म्हणून त्याच कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते; गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर मुदत ४५ दिवसांची. आमची जीप गोव्यातून कर्नाटकात जाणार, तेव्हा आधी नमुना २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा लागला. त्यासाठी थकलेला कर वा दंड नसावा लागतो. चॅसीच्या अंकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढावा लागतो. हे काम आमच्या भाच्याने मोठ्या आनंदाने केले. मग नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. विमाही नव्या मालकाच्या नावे करण्यास त्याने १४ दिवसांत अर्ज करायचा. मामांनी पैसे बँकेतूनच घेतले आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून दोघांच्या सह्यांची एक प्रत आपल्याजवळ ठेवली. वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी संध्याकाळी अपघात झाला तर सकाळ की संध्याकाळ हा प्रश्न उरतो.

जाताना शेतकऱ्याने वही मागितली. मामा क्षणभर घुटमळले. आम्हांला वाटले, ते म्हणतील ती घरी राहू दे. त्यांनी शेवटचे कोरे पान उघडले, तारीख घातली, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि पुढे ‘खानापुरास दिली’ असे लिहून वही त्याच्या हाती ठेवली. मग हळूच म्हणाले, “महिन्यातून एकदा तरी चिखलात चार चाकांवर घाल तिला. नुसती उभी राहिली की पुढचे ऑइल-सील सुकतात.”

पुढच्या पावसाळ्यात त्या शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. आस उघडून दात्यांची जोडी बदलली होती. खर्च २५ नव्हे, २८ हजार आला. तीन हजारांबद्दल तो काही बोलला नाही. त्याने वहीतले नवे पान वाचून दाखवले, आणि मामा, डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेले, फोन कानाला लावून प्रत्येक ओळीला हुंकार देत होते.