हार्ड डिस्क निकामी झाली, त्यानंतर

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची नामावली सिद्ध करीत असतानाच कार्यालयातील संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. त्यापूर्वी काही दिवस फाइल उघडण्यास विलंब होत होता. संगणक जुना झाला, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. त्यानंतर जे करावे लागले, ते वाचकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडीत आहोत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. त्या साधारणतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारे शीर्ष त्यांच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. ते तबकडीला घासले, तर खरवडलेला मजकूर कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच बिघडलेली डिस्क पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये, तिच्यावर विंडोज नव्याने बसवू नये आणि घरी पेचकस घेऊन तर ती उघडूच नये. (ती फ्रीजमध्ये ठेवावी, असेही एका हितचिंतकांनी सुचविले होते. आम्ही ते ऐकले नाही, हे बरे झाले.) टकटक आवाज येत असेल किंवा संगणकाला डिस्क ओळखूच येत नसेल, तर ती धूळविरहित कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडेच द्यावी.

आमची डिस्क दुसऱ्या संगणकाला ओळखू येत होती. 'डीडीरेस्क्यू' या मोफत आज्ञावलीने आम्ही तिची संपूर्ण प्रत नव्या डिस्कवर घेतली. ही आज्ञावली सुस्थितीतील भाग आधी वाचते, खराब भागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. पुढचे सर्व काम त्या प्रतीवर केले. 'फोटोरेक'ने छायाचित्रे शोधून दिली. मात्र ती फाइलच्या अंतर्गत खुणांवरून शोधते, त्यामुळे मूळ नावे गेली आणि त्यांच्या जागी केवळ क्रमांक आले.

खरी अडचण नामावलीची होती. फाइल मिळाल्या, पण उघडल्यावर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्याकडील टंकलेखन पुढे कित्येक वर्षे जुन्या फॉन्टमध्येच चालले. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. फॉन्ट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आमचा फॉन्ट डिस्कबरोबरच गेला होता. शाळेचे जुने अहवाल छापणाऱ्या मुद्रकांकडे तो सापडला, तेव्हा कोठे नावे दिसली.

ती युनिकोडमध्ये आणताना रफार व ऱ्हस्व वेलांटी जागा सोडू लागली. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. जे नाव आईवडिलांनी शाळेच्या दारात मोठ्या विश्वासाने सांगितले, ते संगणकाच्या चुकीने भलतेच छापले जाणे आम्हांस मान्य नव्हते. म्हणून वसतिगृहातील मुलांनी जनरल रजिस्टर उघडून एकेक नाव ताडून पाहिले. प्रस्तुत अंकातील यादी ती आहे.

आता नामावलीच्या तीन प्रती आहेत: एक संगणकावर, एक बाह्य डिस्कवर आणि एक शाळेच्या आवाराबाहेर. फॉन्टही त्यांच्यासोबतच ठेवला आहे. केवळ क्रमांक उरलेली छायाचित्रे मात्र छापून ग्रंथालयात मांडली आहेत. ज्यांना त्यांतील चेहरे ओळखता येतील, त्यांनी पाठीमागे पेन्सिलीने नाव लिहावे.