संगणकावर खोलीचा नकाशा : पहिला धडा



१९२६ साली पूर्ण झालेले आपल्या अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण हाताने काढलेल्या नकाशांवरून उभे राहिले. त्या काळी ड्रॉइंग बोर्डावर होणारे काम आज संगणकावर होते. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढून दाखविली. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि छोट्या संगणकावरही नकाशे निघू लागले. तरी रेघ कोठे ओढायची हे संगणकाला माणसानेच सांगावे लागते, आणि पुष्कळ मुले चुकतात ती येथेच.

एका खोलीचे घर घेऊ. आतून ३ मीटर बाय ४ मीटर, भिंत नऊ इंची म्हणजे २३० मिलिमीटर. प्रथम एकक मिलिमीटर ठरवा. कागदाचा विचार आताच नको. पडद्यावर खोली खऱ्या मापातच काढायची असते. पॉलिलाइन ही आज्ञा द्या. पहिला बिंदू ०,०. पुढे @३०००,० असे टंका (अंक अर्थात इंग्रजी). @ म्हणजे ‘मागच्या बिंदूपासून’. पहिला आकडा आडव्या अंतराचा, दुसरा उभ्या. मग @०,४००० आणि @-३०००,०. शेवटी ‘सी’ दाबले की चौकोन बंद होतो.

आता ऑफसेट २३० द्या आणि चौकोनाच्या बाहेर क्लिक करा. भिंतीची जाडी तयार! शिकत असताना मी येथे आत क्लिक केले होते. नकाशा दिसायला तितकाच देखणा होता, पण खोली उरली २५४० बाय ३५४०. बारा चौरस मीटरची जागा नऊलाही थोडी कमी पडली. एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्याची पाव खोली एका क्लिकने जाते, आणि संगणक ‘चूक’ असे कधीच म्हणत नाही. म्हणून आतली मापे डायमेन्शन देऊन लगेच तपासा.

दारासाठी ९०० मिलिमीटरवर दोन आडछेद रेघा मारून ट्रिमने मधला भाग काढा. भिंती, दारे आणि मापे वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. पुढे दुरुस्तीला सोपे जाते.

प्रमाणाचा विचार छपाईच्या वेळी. एकास पन्नास प्रमाण ठेवले तर हा नकाशा ए-फोर कागदावर सहज मावतो. ‘कागदात बसवा’ हा पर्याय मात्र निवडू नका, त्याने प्रमाण बिघडते. छापून आल्यावर पट्टी लावा : आतली ३ मीटरची बाजू बरोबर ६० मिलिमीटर भरली पाहिजे.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी टेप घेऊन आपल्या घराची एक खोली आतून आणि बाहेरून मोजावी, भिंतीची जाडी काढावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. संगणक मिळेल त्या दिवशी तोच पहिला नकाशा काढा.