कूलरइतका साधा कोड

नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की घरोघरी कूलर सुरू होतो. एक पंखा, एक छोटा पंप, पाण्याची टाकी आणि वाळ्याच्या ताट्या. बिघडला तर मोहल्ल्यातला मिस्त्री झाकण काढून पाच मिनिटांत दोष दाखवतो. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नव्यानं लागणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे की तुमचा कोडही दुसऱ्याला असाच उघडून पाहता यावा. शंभर माणसांच्या हजेरीसाठी पंधरा मायक्रोसर्व्हिसेस उभारणाऱ्याला मी हुशार म्हणणार नाही. त्याच्या हौसेचं ओझं पुढचा माणूस वाहतो.

४ जून १९९६ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, हे कारण सगळे सांगतात. मला जास्त बोचतं ते वेगळंच. ती आकडेमोड करणारा भाग एरियन ४मधून तसाच उचललेला होता आणि जमीन सोडल्यावर एरियन ५ला त्याचा काही उपयोगच नव्हता. म्हणजे चालू राहायची गरज नसलेल्या कोडनं रॉकेट घालवलं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजेत सापडलेली भेगही त्याच जातीची. नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीला नोंदीतला मजकूर वाचून बाहेरच्या सर्व्हरकडे धाव घेण्याची सोय दिलेली होती, आणि ती आपल्या प्रोग्राममध्ये आहे हे कित्येकांच्या गावीही नव्हतं.

उद्या वापरणारे लाखावर गेले तर, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण उद्याचे अंदाज बहुधा चुकतात आणि चुकीच्या अंदाजावर चढवलेले थर उतरवणं फार जड जातं. साधा कोड मात्र गरजेप्रमाणे वाढवता येतो. मग सगळं स्वतःच लिहायचं का? तेही नाही, पण बारीकसारीक गोष्टींसाठी दुसऱ्यावर विसंबूही नये. मार्च २०१६मध्ये ११ ओळींचं लेफ्ट-पॅड हे पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभर बिल्ड अडले. एवढ्या ओळी स्वतः लिहाव्यात. एन्क्रिप्शन आणि टाइमझोन मात्र तावूनसुलाखून निघालेलेच घ्यावेत, तिथं स्वतःची अक्कल चालवू नये. रिव्ह्यूला बसाल तेव्हा प्रत्येक भागाबद्दल विचारा, हा काढला तर कोणाचं काय अडेल? उत्तर मिळालं नाही तर काढा, आणि कॉमेंट करून जपूही नका. गिटमध्ये तो राहतोच.