तिकीट दिवसाचं, मूल चार तासांचं

सोलापूर

चि. स्वप्नील यास,


मुलांना घेऊन पहिल्यांदाच थीम पार्कला जायचं ठरवलंस, हे चांगलं केलंस. खोपोली की हैदराबाद, एक दिवस की दोन, वॉटर पार्क धरून की नुसता, असे तुझे प्रश्न पोचले. उत्तर फोनवर न देता पत्रात देते आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि सहा वर्षांच्या आर्याचे कान तिखट आहेत. सहलीची बातमी पोरांना जायच्या आदल्या दिवशी कळली तरी चालेल. महिनाभर आधी कळली, तर 'कधी जायचं' या एका प्रश्नाने प्राजक्ता निघण्यापूर्वीच थकून जाईल.

तुझे सगळे प्रश्न पार्कबद्दल आहेत. मुलांबद्दल एकही नाही. माझं सांगणं तिथूनच सुरू होतं. आपण सोलापूरकर आयुष्यभर गड्ड्याला गेलेलो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली की होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात, आणि तिथला हिशेब सोपा असतो. ज्या पाळण्यात बसायचं त्याचं तिकीट काढायचं. पोरगं भ्यायलं, दमलं किंवा त्याला नुसती भेळच हवी झाली, तर घरी निघायचं; बुडालेलं काही नसतं. थीम पार्कमध्ये दारातच पूर्ण दिवसाचे पैसे भरावे लागतात, मग तुम्ही वीस खेळ खेळा नाहीतर तीन. हे तिथेही पहिल्यापासून नव्हतं. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे होते आणि प्रत्येक खेळाचे वेगळे. काही महिन्यांत तिकिटांची पुस्तकं आली. ती १९८२ पर्यंत चालली, आणि त्यानंतर सगळ्या खेळांना मिळून एकच तिकीट झालं. सोय झाली हे खरं; पण आईबापांच्या डोक्यात 'वसूल' नावाचा किडा शिरला तोही त्यामुळेच.

हा किडा फक्त आपल्याकडचाच आहे असं समजू नकोस. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोघांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग केला होता. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. नाटकांच्या पूर्ण हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पुऱ्या किमतीत तिकीट दिलं आणि काहींना न मागता सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी पुरे पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त वेळा नाटकाला आले. भरलेला पैसा परत मिळणार नसतो, तरी तो माणसाला ओढत राहतो. नाटकाला ओढला गेलेला मोठा माणूस फार तर खुर्चीत डुलकी काढेल. पण त्याच ओढीने तू अडीच वर्षांच्या ओमला दुपारी तीन वाजता चौथ्या रांगेत उभं करशील, आणि तो जमिनीवर लोळण घेईल तेव्हा लोक तुमच्याकडे बघतील. मग तू प्राजक्तावर चिडशील. थीम पार्कमधली निम्मी भांडणं नवरा-बायकोंची असतात आणि त्यांचं मूळ तिकिटाच्या किमतीत असतं, असं माझं ठाम मत आहे.

मुलाची शक्ती किती, हे काही गूढ नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दुपारची झोप त्यातच आली. म्हणजे सकाळी सातला उठलेल्या ओमकडे साधारण एक वाजेपर्यंत हसरे तास असतात. त्यातून नाश्ता, कपडे, गाडी आणि दारावरची तपासणी वजा केली की चार तास उरतात. तुझा बेत या चार तासांवर आखायचा आहे. पार्क किती वाजता बंद होतं याच्याशी तुला काही देणंघेणं नको. दार उघडताना आत जायचं, पहिल्या दोन तासांत आर्याचे आवडते खेळ उरकायचे, जेवायचं, आणि ओमचे डोळे मिटायला लागले की बाहेर पडायचं. राहायची खोली पार्कपासून पंधरा-वीस मिनिटांवर असली तर दुपारी झोप होऊन संध्याकाळी पुन्हा जाता येईल का, हे तिकीट काढण्याआधी विचार. काही ठिकाणी हातावर शिक्का मारून सोडतात, काही ठिकाणी नाही. सोडत नसतील तर संध्याकाळचा मोह सोडून दे. चटकन रांग पार करायच्या जादा तिकिटापेक्षा जवळच्या खोलीवर पैसे घालणं शहाणपणाचं.

तू म्हणशील, आत्या, चार तासांसाठी सहाशे-सातशे किलोमीटरचा प्रवास करायचा? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे प्रवासाचा खर्च चार तासांनाही तेवढाच आणि दहा तासांनाही तेवढाच. जास्तीचे सहा तास रडण्यात गेले तर तो खर्च कमी होत नाही. दुसरं उत्तर डॅनियल कानेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांच्या अभ्यासातून येतं. आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालेल्या रुग्णांना त्यांनी नंतर विचारलं, त्रास किती झाला. तपासणी किती वेळ चालली याचा त्या उत्तराशी फारसा संबंध नव्हता. सगळ्यात वाईट क्षण कोणता होता आणि शेवट कसा झाला, यावर आठवण ठरत होती. हा अभ्यास मोठ्यांचा आणि आजारी माणसांचा, तो मुलांच्या मौजेला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला कळतं. तरी शेवटाचं वजन जास्त असतं ही गोष्ट लग्नाच्या पंगतीपासून तमाशापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आर्या पाळण्यातून हसत उतरली की बाहेर पडा. 'आणखी एक' म्हणाली तर म्हणू दे.

'वसूल'च्या याच हिशेबाचा मोठा अवतार म्हणजे 'एवढं जातोच आहोत तर'. खोपोलीला निघालेला माणूस एकविरा, लोणावळा आणि येताना सारसबाग जोडतो. हैदराबादला निघालेला चारमिनार, सालारजंग, गोळकोंडा आणि बिर्ला मंदिर. तुझ्या वडिलांना, म्हणजे दादाला, मी चांगली ओळखते, ही यादी तो जेवताना हळूच काढेल. त्याला आदराने नाही म्हण. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आपल्या दाराशी आहेत आणि तिथे मूल कडेवर झोपलं तरी दर्शन होतं. या सहलीत मूल जागं आणि खुशीत असणं हीच अट आहे. दादा-वहिनींना जरूर ने, पण एक दिवस पार्क आणि मागे-पुढे एकेक दिवस प्रवास, एवढंच.

आता उंची. ही गोष्ट लोक दारात गेल्यावर शिकतात आणि तिथेच पोराची समजूत काढत बसतात. बऱ्याच पार्कांत तिकिटाचा दर वयावर नसून उंचीवर असतो, आणि मोठ्या झुल्यांना साधारण १२० ते १४० सेंटिमीटरची अट असते. सहा वर्षांच्या मुलीची सरासरी उंची ११५ सेंटिमीटरच्या आसपास, अडीच वर्षांच्या मुलाची ९२. मुली १२० ला पोचतात त्या सातव्या वर्षाच्या सुमारास आणि १४० ला दहाव्याच्या पुढे. म्हणजे जाहिरातीत दिसणारा खोपोलीच्या इमॅजिकाचा मोठा झुला 'नायट्रो' आर्यासाठी नाही, आणि पुढची निदान चार वर्षं नसणार. तिला तो जाहिरातीत दाखवूही नकोस. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाची अट दिलेली असते. आर्याची उंची घरी भिंतीशी मोजून तिला चालतील तेवढ्याच खेळांची नावं कागदावर उतरव. 'पोरगी धीट आहे' म्हणून टाचा उंचावून उभी करणारे बाप असतात. आडवा दांडा आणि पट्टा अंगाच्या मापाने बनवलेले असतात. धिटाई त्यांना कळत नाही. बुटकं अंग त्यातून निसटू शकतं. गड्ड्यावर सहसा कुणी उंची मोजत नाही, म्हणून आपल्याला ही अट नखरा वाटते. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावावर मोठा झुला तुटून दोघं गेले, तेव्हा दोष यंत्राचा होता आणि बसलेल्यांच्या हातात काहीच नव्हतं. जे आपल्या हातात आहे ते तरी पाळावं.

भीतीचाही विचार कर. अंधार, मोठा आवाज, मुखवटा घातलेला माणूस यांची भीती अडीच-तीन वर्षांच्या वयात अगदी स्वाभाविक असते. टीव्हीवर लाडकं असलेलं चित्र सहा फुटांचं होऊन मिठी मारायला आलं की किंकाळी फुटते. इमॅजिकातल्या 'सलीमगढ'सारख्या भुताच्या वाड्यात ओमला नेण्याचं काही कारण नाही. एकाने आर्याबरोबर बसायचं, दुसऱ्याने ओमला सावलीत फिरवायचं, मग पाळी बदलायची. फोटोत चौघं एकत्र दिसले नाहीत तर बिघडत नाही.

वहिनी विचारतील, ओमला यातलं काही आठवणार नाही, मग त्याच्यासाठी पैसे कशाला? मोठेपणी माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा आठवत नाही, हे बालस्मृतीचा अभ्यास करणारेही सांगतात. पण ही सहल ओमची नाहीच, आर्याची आहे. सहाव्या वर्षी परी आणि राक्षस खरे वाटतात. दहाव्या वर्षी वाटणार नाहीत. ओम दहा-पंधरा सेंटिमीटर वाढेपर्यंत थांबायचं तर आर्याचं हे वय निघून जाईल. ओमला फक्त सावली, पाणी, झोप आणि कडेवर घेणारं माणूस मिळालं की झालं. आणि तो लहान आहे तोवर त्याचं तिकीट तरी कमी पडतं.

ठिकाण. रामोजी फिल्म सिटी बाहुबलीचे सेट बघायला गेलेल्या मोठ्यांना आवडते; बसमधून उतरा, बघा, पुन्हा चढा, हे ओमला झेपणार नाही. शिवाय ती हैदराबादच्या पलीकडे विजयवाडा रस्त्यावर आहे, म्हणजे शहर ओलांडून जावं लागतं. रविर्यालच्या वंडरलात पाण्याचे खेळ भरपूर आहेत, पण ओले कपडे, थंडी वाजणं आणि नायलॉनच्या पोशाखाची अट, हे पहिल्या खेपेला नको. वॉटर पार्क पुढच्या वर्षी. मी खोपोली निवडीन. २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात 'टब्बी'सारखे लहानांचे खेळ आहेत. मात्र ते घाटाखाली आहे, पावसाळ्यात तिथे कोसळतं आणि मे महिन्यात घामाने जीव जातो. डिस्नेलँडच्या उद्घाटनालाच ३८ अंशांची उष्णता होती, नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे चालू नव्हते आणि ताजं डांबर बायकांच्या टाचांना चिकटत होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा मोह होईल, पण ती मुंबईला सकाळी पोचते. घाटाखाली उतरायचं तर मुलांना पहाटेच्या झोपेतून उठवावं लागेल. दिवसाच्या गाडीने आदल्या दिवशी जा. गाडीसाठी धपाटे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घे. पार्कमध्ये बाहेरचं खाणं बहुतेक चालत नाही, ओमच्या खाऊपुरती सूट मिळते का ते विचारून ठेव.

राहिला दिवस. तू 'शाळेला सुट्टी लागली की' म्हणतोस, आणि सगळा महाराष्ट्र तेच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटांच्या खेळासाठी अर्धा तास रांगेत जातो, आणि चार तासांत फार तर पाच-सहा खेळ होतात. मंगळवार-बुधवारी त्याच चार तासांत दुप्पट होतील. पहिलीतल्या पोरीची तीन दिवसांची शाळा बुडाली तर काही अडत नाही. दहावीत गेल्यावर हे करता येणार नाही. तेव्हा असं कर: जानेवारीत दोघांना गड्ड्यावर ने, आर्या रांगेत किती टिकते आणि ओम कशाला भितो ते नीट बघ, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार धर. परतीचं रिझर्व्हेशन आधी कर, पार्कचं तिकीट सगळ्यात शेवटी काढ. गड्ड्याच्या गर्दीत ओम कडेवरून उतरायलाच तयार झाला नाही, तर मला कळव आणि बेत एका वर्षाने पुढे ढकल.

दादा-वहिनींना नमस्कार, प्राजक्ताला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या