भिंगाची ओळख आणि किडींची पारख



मिरचीची पाने आकसू लागली की आपण त्यास चुरडा-मुरडा म्हणतो आणि हाताशी असेल ते औषध फवारतो. परंतु पाने आकसण्यामागे फुलकिडे असू शकतात, कोळी असू शकतात किंवा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूही असू शकतो. फुलकिड्यांसाठी वापरली जाणारी अनेक कीटकनाशके कोळ्यांवर चालत नाहीत. उलट, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार फवारल्यास कोळ्यांचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि कोळी वाढतात. पैसाही जातो आणि पीकही जाते. फुलकिडा सुमारे १ मि.मी. लांब, तर मिरचीवरील पिवळा कोळी अवघा ०.२ मि.मी. असतो. नुसत्या डोळ्यांनी त्याची खात्री होत नाही. त्यासाठी १० पट दाखवणारे छोटे भिंग खिशात असावे. ते नीट वापरता यावे म्हणून त्याचे काम कसे चालते ते प्रथम पाहू.

प्रकाश का वळतो?

पाण्यात तिरकी बुडवलेली काठी पाण्याच्या पातळीपाशी मोडल्यासारखी दिसते. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख कि.मी., तर साध्या काचेत सुमारे २ लाख कि.मी. असतो. बैलगाडीचे एक चाक आधी चिखलात गेले की ते मंदावते आणि गाडी त्या बाजूला वळते. तसाच तिरका आलेला किरण काचेत शिरताना व बाहेर पडताना दिशा बदलतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. भिंगाचा पृष्ठभाग गोलाकार असल्याने मधून जाणारा किरण जवळजवळ सरळ जातो आणि कडेचा किरण जास्त वळतो.

भिंगाचे दोन प्रकार

१) बहिर्वक्र भिंग : मध्ये जाड व कडेला पातळ. दुरून येणारे समांतर किरण ते एका बिंदूत गोळा करते. या बिंदूला नाभी व भिंगापासून तिच्या अंतराला नाभीय अंतर म्हणतात. एकाच काचेच्या भिंगांत फुगवटा जास्त, तितके नाभीय अंतर कमी.

२) अंतर्वक्र भिंग : मध्ये पातळ व कडेला जाड. ते किरण पसरवते, त्यामुळे अक्षरे लहान दिसतात.

लांबचे अस्पष्ट दिसणाऱ्यास अंतर्वक्र काचेचा चष्मा लागतो, तर चाळिशीनंतर जवळचे वाचता येईनासे झाले की बहिर्वक्र काचेचा लागतो. कीड पाहण्यासाठी बहिर्वक्र भिंगच हवे.

भिंगाची शक्ती कशी ओळखावी?

सावलीत उभे राहून भिंगामागे पांढरा कागद धरावा व उन्हातील दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट होईपर्यंत तो मागेपुढे करावा. भिंग व कागद यांतील अंतर म्हणजे नाभीय अंतर. २५ से.मी. ला या अंतराने भागले की भिंग साधारण किती पट दाखवते ते कळते. नाभीय अंतर २.५ से.मी. असेल तर १० पट, म्हणजे ०.२ मि.मी. चा कोळी २ मि.मी. एवढा दिसेल. १२.५ से.मी. असेल तर फक्त २ पट. भिंग आकाराने मोठे म्हणजे त्याची शक्ती जास्त, हा समज बरोबर नाही.

वापरण्याची पद्धत

भिंग हात लांब करून धरू नये. ते डोळ्याच्या अगदी जवळ धरावे आणि पान भिंगाकडे आणावे. १० पटीच्या भिंगात पान सुमारे २.५ से.मी. वर आले की स्पष्ट दिसते. दोन्ही हात एकमेकांना टेकवावेत, म्हणजे पान हलत नाही. पानावर उजेड पडेल असे उभे राहावे. शेंड्याकडील कोवळ्या पानांची खालची बाजू अवश्य पाहावी. एका झाडावरून निर्णय न घेता शेताच्या चारही बाजूंची व मधली काही झाडे तपासावीत.

काय दिसेल?

फुलकिडे : शरीर लांबट, पाय ६, प्रौढाच्या पंखांना केसांची झालर. पाने वरच्या बाजूस वळतात.

पिवळा कोळी : शरीर अंडाकृती, प्रौढास ८ पाय, पंख नाहीत. पाने खालच्या बाजूस वळतात व देठ लांबतात. पाण्यात मिसळणारे गंधक कोळ्यांवर उपयोगी पडते.

दोन्ही न दिसता पांढरी माशी आढळली, पाने पिवळट, बारीक व झाड खुजे असेल, तर विषाणूची शंका घ्यावी. विषाणू कोणत्याही फवारणीने बरा होत नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत व माशीचा बंदोबस्त करावा. औषधाची निवड व मात्रा लेबलावरील शिफारशीप्रमाणेच ठेवावी.

पाण्याच्या थेंबाने पान भाजते का?

हवामान वेधशाळेत काचेचा भरीव गोळा सूर्यकिरण एकवटून खालच्या कागदी पट्टीवर जळका माग उमटवतो. त्यावरून ऊन किती तास पडले ते मोजतात. मग पानावरचा थेंबही भिंगासारखा पान जाळत असेल, असे वाटणे साहजिक आहे. हंगेरीतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र गुळगुळीत पानांवर अशी इजा आढळली नाही. सूर्य वर असताना पसरट थेंबाची नाभी पानाच्या खाली पडते. केसाळ पानांवर थेंब केसांवर अधांतरी राहिल्यास इजा होऊ शकते. तरीही भर दुपारी फवारणी टाळावी, कारण द्रावण लवकर सुकते व औषधाचा चट्टा पडण्याचा धोका असतो.

काळजी

भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. ते उन्हात वाळल्या कडब्यावर ठेवू नये, आग लागू शकते. धूळ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावे.

आठवड्यातून एकदा भिंग घेऊन शेतात फेरी मारावी. कीड ओळखावी आणि मगच औषधाच्या दुकानाची पायरी चढावी.